तबकडीबरोबर आलेला परवाना

एखादी वस्तू पैसे मोजून घरी आणली म्हणजे ती आपली झाली, ही समजूत व्यवहारात इतकी मुरलेली आहे की तिच्याविषयी शंका घेणे कोणास सुचतही नाही. तांब्या घेतला तर त्यात पाणी भरावे, फुले ठेवावी, नको झाला तर मोडीत घालावा. विकणाऱ्याची त्याला हरकत नसते. पुस्तकाचेही तसेच. त्यातील मजकूर पुन्हा छापून विकण्याचा अधिकार लेखकाकडे किंवा प्रकाशकाकडे राहतो. परंतु विकत घेतलेली प्रत जपून ठेवावी, कोणास भेट द्यावी की रद्दीत टाकावी, हे ठरविणारा ग्राहकच असतो. संगणक घरोघर आला आणि या जुन्या समजुतीस तडा गेला. संगणकाकडून काम करवून घेणारी जी आज्ञावली, जिला सर्वत्र सॉफ्टवेअर म्हणतात, ती ग्राहकास बहुधा विकली जातच नाही. ती वापरण्याचा परवाना तेवढा त्याला दिला जातो.

हा परवाना म्हणजे एक करारच होय. १९६९ साली आयबीएम या अमेरिकन कंपनीने यंत्राची आणि सॉफ्टवेअरची किंमत वेगवेगळी आकारण्याचे जाहीर केले, आणि सॉफ्टवेअर हा स्वतंत्र व्यापाराचा माल बनू लागला. पण हा माल असा की त्याची नक्कल करावयास ना वेळ लागतो ना खर्च. म्हणून विक्रेत्यांनी विक्रीऐवजी परवान्याची वाट धरली. प्रारंभी अटींचा कागद खोक्यातून येई, आणि खोके उघडून माल वापरला की अटी मान्य झाल्या असे धरले जाई. १९९६ साली शिकागो येथील अपील न्यायालयाने प्रोसीडी कंपनीच्या खटल्यात असा करार बंधनकारक ठरविला. अटी पसंत नसतील तर माल परत करावयाची मुभा ग्राहकास होती, हे न्यायालयाला पुरेसे वाटले. पुढे खोकी मागे पडली आणि पडद्यावर ‘मान्य आहे’ हे बटण आले. वर पानेच्या पाने बारीक मजकूर आणि खाली एक बटण. घराचे खरेदीखत कोणी अशा रीतीने करणार नाही. परंतु संगणकाच्या बाबतीत मोठमोठे वकीलही मजकूर न वाचता बटण दाबून मोकळे होतात.

या बटणाच्या आडून घरात काय शिरू शकते, याचा एक नमुना २००५ साली अमेरिकेत पाहावयास मिळाला. वस्तू अगदी निरुपद्रवी होती : गाण्यांची तबकडी.

ध्वनिमुद्रित गाण्यांची कॉम्पॅक्ट डिस्क १९८२ साली बाजारात आली. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी मिळून तिचा नमुना ठरविला. ही तबकडी पुढे कोणी घरच्या संगणकात घालील आणि तिच्यावरील गाणी उतरवून घेईल, हे त्या काळी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. साहजिकच त्या गाण्यांना कुलूप असे नव्हतेच. १९९९ साली नॅप्स्टर निघाले, उतरवून घेतलेली गाणी इंटरनेटवरून हातोहात फिरू लागली, आणि ध्वनिमुद्रणाच्या कंपन्यांचे धाबे दणाणले. त्यांची तक्रार खोटी नव्हती. गायक, वादक, गीतकार यांची मिळकत विक्रीवरच अवलंबून असते. प्रश्न इतकाच होता की, जिला जन्मतः कुलूप नाही त्या तबकडीला ते नंतर घालावे कसे? लोकांच्या घरातील लक्षावधी साध्या प्लेअरवर तर ती वाजलीच पाहिजे. तेव्हा तबकडीला कुलूप न घालता ते ग्राहकाच्या संगणकालाच घालण्याची युक्ती निघाली. पुढील सर्व अनर्थाचे मूळ या एका निर्णयात आहे.

ही युक्ती साधण्यास मायक्रोसॉफ्टच्या विंडोज प्रणालीतील एक सोय उपयोगी पडली. तबकडी आत सरकविताच तिच्यावरील आज्ञावली आपोआप सुरू होत असे. ग्राहकास श्रम पडू नयेत म्हणून केलेली ही सोय आगंतुकांनाही तितकीच सोयीची ठरली. २००३ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील अ‍ॅलेक्स हाल्डरमन या विद्यार्थ्याने दाखवून दिले की, तबकडी आत घालताना कळफलकावरील शिफ्टची कळ दाबून धरली तर सनकॉम नावाच्या कंपनीने बनविलेले असले एक कुलूप लागतच नाही. कंपनीने खटल्याची धमकी दिली आणि नंतर ती मागे घेतली. एक कळ दाबणे हा अपराध आहे, असे न्यायालयाला पटविणे सोपे गेले नसते!

आता मुख्य प्रसंग. ३१ ऑक्टोबर २००५ रोजी मार्क रसिनोविच या संगणकतज्ज्ञाने आपल्या संगणकाची तपासणी करताना आढळलेली एक विलक्षण गोष्ट प्रसिद्ध केली. दडविलेल्या आज्ञावली शोधून काढणारे एक साधन त्यानेच तयार केले होते. ते स्वतःच्याच यंत्रावर चालविले असता आत एक गुप्त कप्पा आणि काही अनोळखी फायली असल्याचे दिसून आले. माग काढीत गेल्यावर तो पोहोचला तो सोनी बीएमजी कंपनीच्या एका तबकडीपाशी. व्हॅन झँट बंधूंच्या गाण्यांची ती तबकडी त्याने रीतसर विकत घेतलेली होती. तिच्या तीनच प्रती करता याव्या एवढ्यासाठी फर्स्ट फोर इंटरनेट या ब्रिटिश कंपनीने बनविलेली एक्ससीपी नावाची आज्ञावली त्याच्या संगणकात येऊन बसली होती. रसिनोविचने तिच्या फायली स्वतःच्या हाताने काढून टाकल्या, तेव्हा तबकडी वाजविणारा भागच संगणकाला दिसेनासा झाला. तज्ज्ञ असल्यामुळे त्याने तो पूर्ववत केला. सामान्य माणसाने दुकानाची वाट धरली असती.

या आज्ञावलीने स्वतःला दडविले होते ते रूटकिट नावाच्या तंत्राने. ‘रूट’ हे युनिक्स प्रणालीतील सर्वाधिकारी वापरकर्त्याचे नाव. तो अधिकार बळकावून आपला वावर लपविणाऱ्या साधनांच्या संचास रूटकिट म्हणू लागले. त्याची रीत अशी. संगणकात कोणकोणत्या फायली आहेत हे पाहावयाचे झाले की कोणतीही आज्ञावली, मग ती विषाणू शोधणारी का असेना, संगणकाच्या मूळ प्रणालीस यादी मागते. शाळेत हजेरी घेणाऱ्याने काही मुलांची नावे नेमकी गाळून हजेरी वाचावी, आणि ती मुले वर्गात बसलेली असूनही दप्तरी नाहीतच असे व्हावे, तसे रूटकिट या यादीच्या वाटेत बसून ठराविक नावे गाळते. एक्ससीपीने गाळावयाच्या नावांची एक खूण ठरविलेली होती : आरंभी डॉलरचे चिन्ह, मग एस, वाय, एस ही अक्षरे, आणि पुन्हा डॉलरचे चिन्ह. या खुणेने ज्या फायलीचे नाव सुरू होई, ती फाईल यादीतून अदृश्य होत असे.

ती फाईल कोणाची, हे मात्र एक्ससीपी पाहत नसे. घराच्या भिंतीत चोरकप्पा करून ठेवावा आणि त्याची किल्ली सर्व गावाला ठाऊक व्हावी, तशी ही स्थिती झाली. ही खूण प्रसिद्ध होताच प्रथम संगणकीय खेळात लबाडी करणाऱ्यांनी तिचा लाभ उठविला. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाचे चालक खेळाडूंच्या संगणकावर जी देखरेख ठेवीत, तीतून निसटण्यासाठी त्यांनी आपली साधने या नावाखाली दडविली. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तर याच खुणेमागे लपणाऱ्या उपद्रवी आज्ञावली पसरू लागल्या. गाण्याची तबकडी ऐकली एवढाच ज्यांचा दोष, त्यांच्या संगणकात शिरलेला चोर त्यांच्याच रखवालदारास दिसेना.

परवान्यात याविषयी काय लिहिले होते? तबकडी संगणकावर एक लहानशी आज्ञावली बसविते, आणि काढून टाकीपर्यंत ती तेथे राहते, एवढे लिहिलेले होते. ती स्वतःस दडविते, दर दोन सेकंदांनी संगणकातील चालू आज्ञावलींची झडती घेते, आणि तिला काढून टाकण्याचे साधन दिलेलेच नाही, हे लिहिलेले नव्हते. उलट इतर अटी वाचण्याजोग्या होत्या. तबकडी चोरीस गेली तर संगणकावर उतरवून घेतलेली गाणीही पुसून टाकावी. ग्राहकाचे दिवाळे निघाले तरीही पुसावी. आणि कंपनीमुळे काही नुकसान झाले तर तिचे दायित्व पाच डॉलरपर्यंतच राहील. सोनी बीएमजीच्याच दुसऱ्या काही तबकड्यांवर सनकॉमची मीडियामॅक्स नावाची आज्ञावली होती. तिने तर यापुढची मजल गाठली. अटी नाकारून ‘नाही’ म्हटले तरी तिच्या फायली संगणकावर येऊन बसत. नकारालाच जेथे अर्थ उरत नाही, तेथे होकाराला करार म्हणणे हे भाषेशी खेळणे होय.

कंपनीचे आरंभीचे वर्तन चिंतेपेक्षा त्राग्याचे होते. तिच्या एका बड्या अधिकाऱ्याने नोव्हेंबरच्या प्रारंभी अमेरिकेतील नभोवाणीवरील मुलाखतीत सांगितले की, बहुतेकांना रूटकिट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, मग त्यांनी त्याची फिकीर का करावी? हे विधान पुढे कंपनीच्या सर्व जाहिरातींपेक्षा अधिक लक्षात राहिले. वस्तुतः त्यात एक कटू सत्य होते. ज्याला ठाऊक नाही त्याचीच फसगत होते, आणि म्हणूनच ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर जबाबदारी येते. अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याच्या एका अधिकाऱ्यास ते उमगले होते. बौद्धिक संपदा तुमची असली तरी संगणक तुमचा नव्हे, हे विसरू नका, असे त्याने या कंपन्यांना जाहीरपणे बजावले. सगळ्या प्रकरणाचा निवाडा त्या एका वाक्यात आहे.

मग कंपनीने आज्ञावली काढून टाकण्याचे साधन दिले. ते मिळविण्यासाठी ग्राहकाने प्रथम आपली माहिती भरून अर्ज करावयाचा. प्रिन्स्टनचे प्राध्यापक एडवर्ड फेल्टन आणि हाल्डरमन यांनी ते साधन तपासले, तेव्हा उपाय रोगाहून भयंकर निघाला. त्या साधनाने संगणकात मागे ठेवलेल्या एका भागामुळे इंटरनेटवरील कोणतेही स्थळ त्या संगणकावर हवी ती आज्ञा चालवू शकत होते. नोव्हेंबरच्या मध्यास कंपनीने माघार घेतली आणि तबकड्या परत बोलाविल्या. अशा सत्तेचाळीस लाख तबकड्या तयार झालेल्या होत्या आणि त्यांपैकी एकवीस लाख लोकांच्या घरी पोहोचल्या होत्या. डॅन कॅमिन्स्की या तज्ज्ञाने इंटरनेटवरील पत्ते शोधून देणाऱ्या यंत्रांची पाहणी केली. पाच लाखांहून अधिक यंत्रांत या आज्ञावलीच्या खुणा त्याला आढळल्या.

याच सुमारास आणखी एक गोष्ट उजेडात आली. सॉफ्टवेअरचे सारेच परवाने ग्राहकाचे हात बांधणारे नसतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली स्थापन केलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने त्याच कायद्याचा उलटा उपयोग करून असे परवाने तयार केले की, ज्यांच्याखाली आज्ञावली कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी आणि इतरांस द्यावी. अट इतकीच की पुढच्यालाही तेच स्वातंत्र्य मिळावे आणि मूळ लेखन त्याच्यापुढे उघडे असावे. ध्वनीच्या फायली आटोपशीर करणारी लेम नावाची आज्ञावली अशाच एका परवान्याखाली लोकांनी घडविलेली आहे. एक्ससीपीची चिरफाड करणाऱ्यांना तिच्या पोटात लेमचे आणि तशाच इतर काही आज्ञावलींचे तुकडे सापडले. परंतु त्यांच्या परवान्यांच्या अटी पाळलेल्या नव्हत्या. दुसऱ्यांनी नक्कल करू नये म्हणून बनविलेले कुलूप स्वतःच उसनवारीचे, आणि तीही न विचारता केलेली!

इतका उघड प्रकार महिनोन्महिने कोणाच्या नजरेस का पडला नाही, हा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला, आणि तो विषाणू शोधण्याचा धंदा करणाऱ्या कंपन्यांना झोंबणारा होता. अज्ञात चोर आणि नामांकित कंपनी यांना एकच माप लावण्याचे धैर्य त्यांच्यापाशी नव्हते, असेच म्हणावे लागते. संशोधकांची अडचण मात्र निराळी होती. १९९८ च्या अमेरिकन कायद्याने असली कुलुपे तोडणे हाच गुन्हा ठरविला होता. फेल्टन आणि हाल्डरमन यांना या आज्ञावलीचे दोष आधीच दिसू लागले होते. परंतु ते प्रसिद्ध करावयाचे तर प्रथम वकिलांचा सल्ला घेणे भाग होते, आणि त्यात सुमारे महिना गेला. तेवढ्या काळात तबकड्या खपतच होत्या. पुढे २००६ च्या नोव्हेंबरात सुरक्षेच्या तपासणीसाठी असे कुलूप उघडण्याची मुभा अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने दिली. घर जळून गेल्यावर विहीर खणण्यास परवानगी मिळाली.

खटले झाले, तडजोडीही झाल्या. तबकडी बदलून मिळाली. शिवाय साडेसात डॉलर आणि एका संचातील गाणी, किंवा रोख रक्कम नको असल्यास तीन संचांची गाणी ग्राहकांच्या पदरी पडली. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीनुसार, ही आज्ञावली काढताना ज्यांच्या संगणकाची हानी झाली त्यांना दीडशे डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने कबूल केले. परवान्यातील पाच डॉलरची मर्यादा तेथे कामास आली नाही.

भारतीय ग्राहकालाही हे प्रकरण परके नाही, कारण तेच बटण त्याच्या हातातील दूरध्वनीवर दिवसाकाठी कितीदा तरी येते. २०१२ साली भारताच्या कॉपीराइट कायद्यात ६५ अ हे कलम घालण्यात आले आणि अशा कुलपांना येथेही संरक्षण मिळाले. परंतु संगणकाच्या मालकाच्या संमतीने सुरक्षेची तपासणी करणाऱ्यास त्याच कलमाने सूट दिली. तत्पूर्वीच्या २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ४३ व्या कलमान्वये मालकाच्या परवानगीवाचून त्याच्या संगणकात दूषित आज्ञावली घालणारा भरपाईस पात्र ठरतो, आणि संगणकाच्या नित्य कामाचा ताबा बळकावणारी आज्ञावली त्या व्याख्येत बसते. एक्ससीपीसारखी तबकडी येथे कोणी विकली असती, तर सारा वाद ‘परवानगी’ या एका शब्दावर येऊन ठेपला असता. आणि न वाचलेल्या मजकुराखालचे बटण दाबणे म्हणजे परवानगी की नव्हे, हे ते कलम सांगत नाही.