जुन्या मोटारसायकलीची पुढची स्प्रिंग

भिवंडीच्या नारपोलीत सकाळच्या वेळी रस्त्याच्या कडेला पाच मिनिटे उभे राहा. यंत्रमागांच्या खडखडाटातून टेम्पो जातात, रिक्षा जातात आणि त्यांच्या मधून वाट काढीत मोटारसायकली जातात. कुणाच्या टाकीवर सुताच्या कोनांची पिशवी, कुणाच्या मागे शाळेत निघालेली पोरे. यांत एखादी जुनी बुलेट किंवा म्हैसूरची जावा दिसली, तर तिच्या पुढच्या चाकाकडे पाहा. खड्डा आला की पुढचा भाग पार खाली बसतो आणि ‘ठक्’ असा आवाज येतो. ही तक्रार वरवर किरकोळ वाटते. पण ती किरकोळ नाही.

माझ्याच गाडीचे सांगतो. पावसाळ्याचे दिवस, मागे घरची मंडळी बसलेली, आणि पुढचा टेम्पो एकाएकी थांबला. मी ब्रेक दाबला. पुढचा शॉकअप तळाला टेकला, त्याच वेळी चाक खड्ड्यात गेले आणि हँडल हातातून सुटता सुटता राहिले. त्याचे कारण साधे आहे. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे येतो. स्प्रिंग त्या भारानेच पुरती दबली, तर खड्ड्यासाठी तिच्याजवळ काही शिल्लकच राहत नाही.

स्प्रिंग वर्षानुवर्षे दबून ‘बसते’, म्हणजे तिची मूळ लांबी कमी होते. माग चालवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. धोटा मारणाऱ्या दांड्याला परत ओढणारी स्प्रिंग सैल झाली की काय होते, ते त्यांना ठाऊक आहे. मात्र गाडीच्या बाबतीत आधी इतर दोष पाहावेत. ऑइल सील गळते आहे का? फोर्कचा पाईप वाकला आहे का? हँडलखालच्या बॉल रेसमध्ये खेळ आहे का? यांतले काही असेल, तर नवी स्प्रिंग घालून पैसे वाया जातील.

आता थोडा हिशोब करू. गुरुजींनी तो फळ्यावर जरूर मांडावा. रॉबर्ट हूक याने 1678 साली नियम प्रसिद्ध केला, की स्प्रिंगवर जितका भार, तितकी ती ताणते किंवा दबते. समजा, एक स्प्रिंग अर्ध्या किलोला एक मिलिमीटर दबते. फोर्कमध्ये अशा दोन, म्हणून एक किलोला एक मिलिमीटर. पुढचा भार 80 किलो धरला, तर दाब 80 मिलिमीटर. बसवतानाच स्प्रिंग 30 मिलिमीटर दाबलेली असेल, तर गाडी प्रत्यक्षात 50 मिलिमीटर खाली बसेल. फोर्कची एकूण चाल 120 असेल, तर हे फार झाले. माणूस बसल्यावर चालीचा चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे इथे 30 ते 40 मिलिमीटर खर्ची पडावा. तीच स्प्रिंग 0.65 किलोची घ्या. 80 भागिले 1.3 म्हणजे सुमारे 61, त्यातून 30 वजा जाता 31. जमले! आकडे फक्त उदाहरणाचे, बरं का. आपल्या गाडीचे आकडे पुस्तिकेतून घ्यावेत.

पुष्कळ ठिकाणी काय करतात, तर जुन्या स्प्रिंगवर पाईपचा तुकडा ठेवून देतात. माझ्याही गाडीला तसेच केले होते. गाडी उंच झाली खरी, पण स्प्रिंगचा ताठपणा तेवढाच राहिला. तुकडा फार लांब झाला, तर चाल संपायच्या आधीच वळी एकमेकांवर बसतात आणि मग धक्का थेट मनगटात येतो. ताठपणा तारेवर अवलंबून असतो. वळ्यांचा व्यास व संख्या तीच ठेवून तार दहा टक्के जाड केली, तर स्प्रिंग जवळजवळ दीडपट ताठ होते! म्हणून ‘जाडजूड द्या’ असे दुकानात सांगू नये. फार ताठ स्प्रिंगने चाक रस्त्यावर टिकत नाही, उड्या मारते.

स्प्रिंगा जोडीनेच बदलाव्यात. काम करताना पुढचे चाक जमिनीपासून उचलून गाडीला पक्का आधार द्यावा. बऱ्याच गाड्यांत फोर्कची वरची टोपी स्प्रिंगच्या दाबाखाली असते. ती सावकाश सोडावी आणि तोंड तिच्यावर नेऊ नये. जुने तेल काढून टाकावे. स्प्रिंग धक्का झेलते, पण तिची परत उसळी आवरते ते तेलच. दोन्ही पायांत तेल सारखे मोजून भरावे. ताठ स्प्रिंगला किंचित जाड तेल लागते, मात्र जाड तेल ओतून बसलेली स्प्रिंग सुधारत नाही.

शेवटी फोर्कच्या पाईपला प्लास्टिकची पट्टी बांधून सील जिथे टेकते तिथपर्यंत सरकवावी आणि रोजच्या रस्त्याने, रोजचे ओझे घेऊन एक फेरी मारावी. पट्टी कुठवर सरकली, त्यावरून चाल किती वापरली गेली ते कळते. आणि हो, पुढचा भाग उंचावला म्हणजे दिव्याचा झोतही वर जातो. तो रात्री भिंतीवर पाडून पुन्हा खाली आणावा, नाहीतर समोरच्याचे डोळे दिपतील.