सन्मानाचें माप

हल्लीं मुंबई-पुण्यासारख्या शहरांत लोकांच्या पैशाची व्यवस्था पाहणाऱ्या पेढ्या पुष्कळ निघाल्या आहेत. ‘वेल्थ मॅनेजमेंट’ हें त्या धंद्याचें चालू नांव. पूर्वीं घरांत एखादे जाणते काका असत. ठेव कोणत्या बँकेंत ठेवावी, विमा किती उतरावा, मुलीच्या शिक्षणाकरितां पैसे केव्हांपासून बाजूस काढावे, हें तेच ठरवीत. आतां म्युच्युअल फंड, रोखे, शेअर, विमा, मृत्युपत्र असा पसारा वाढला आणि काकांची जागा या पेढ्यांनीं घेतली. यांत वावगें कांहींच नाहीं. दुखण्यास वैद्य लागतो, खटल्यास वकील लागतो, तसा पैशाच्या व्यवस्थेसहि जाणकार लागणारच.

परंतु वैद्य किंवा वकील निवडतांना आपण चार ठिकाणीं चौकशी करतों. पेढी निवडतांना मात्र आपली नजर प्रथम जाते ती तिच्या भिंतीवरील ढालींकडे व प्रशस्तिपत्रकांकडे. ‘वर्षांतील उत्कृष्ट सल्लागार’, ‘नोकरीस उत्तम जागा’ अशीं सोनेरी अक्षरें दिसलीं कीं मन निर्धास्त होतें. निवृत्तीच्या दिवशीं हातीं आलेला फंड, वडिलांच्या पश्चात् मिळालेली विम्याची रक्कम, विकलेल्या वाड्यांतील हिस्सा, असा आयुष्यांत एकदांच येणारा पैसा त्या अक्षरांच्या भरंवशावर दुसऱ्याच्या हवालीं होतो. म्हणून हे सन्मान मिळतात कशाबद्दल, याचा विचार कुटुंबांतील सर्वांनीं एकत्र बसून करणें अवश्य आहे, असें आम्हांस वाटतें.

प्रथम ओळखीचें उदाहरण घेऊं. विमा एजंटाच्या नांवाच्या कार्डावर ‘एम. डी. आर. टी.’ हीं अक्षरें पुष्कळांनीं पाहिलीं असतील. ‘मिलियन डॉलर राउंड टेबल’ या संस्थेचीं तीं आद्याक्षरें. १९२७ सालीं अमेरिकेंतील मेंफिस शहरीं ३२ विमाविक्रेते एकत्र जमले, आणि त्या बैठकींतून ही संस्था उभी राहिली. सभासद होण्यास वर्षभरांत ठराविक रकमेचे हप्ते, ठराविक कमिशन किंवा ठराविक उत्पन्न मिळवून दाखवावें लागतें. त्याच्या तिप्पट मजल मारली तर ‘कोर्ट ऑफ द टेबल’, सहापट मारली तर ‘टॉप ऑफ द टेबल’, अशा वरच्या पायऱ्या आहेत. आपल्या आयुर्विमा महामंडळांतहि शाखेच्या क्लबापासून चेअरमनच्या क्लबापर्यंत एजंटांच्या मानाची उतरंड आहेच. उन्हातान्हांत दहा घरें हिंडून एक विमा मिळविणाऱ्या माणसाच्या मेहनतीचा हा गौरव आहे, आणि तो त्यास अवश्य मिळावा. परंतु त्या चार अक्षरांचें माप मुख्यतः विक्रीचें आहे. विकलेल्या विम्यांपैकीं किती त्या त्या घरास खरोखर हवे होते, हें त्यांवरून समजत नाहीं.

संपत्तीच्या सल्लागारांची गोष्टहि याहून फारशी निराळी नाहीं. अमेरिकेंत ‘बॅरन्स’ हें नियतकालिक २००४ पासून पहिल्या शंभर सल्लागारांची यादी प्रसिद्ध करीत आलें आहे. ‘फोर्ब्स’चीहि अशीच यादी निघते. या याद्या काळजीपूर्वक केलेल्या असतात. सल्लागाराच्या हाताखालीं संपत्ति किती, त्यापासून पेढीस उत्पन्न किती, कारभाराची प्रत कशी, हें त्यांत पाहिलें जातें. ग्राहकाच्या पैशाची वाढ किती झाली, हें मात्र धरलें जात नाहीं. कारण ते स्वतःच सांगतात, व तें प्रामाणिकपणाचें आहे: प्रत्येक ग्राहकाचा हेतु निराळा, आणि तपासून घेतलेले आंकडे उपलब्ध नसतात. तेव्हां दोष यादीचा नाहीं. ती पाहून भलताच अर्थ काढणाऱ्याचा आहे. खानावळींत रोज किती पानें उठलीं याची मोजदाद झाली. जेवणारांस अन्न मानवलें कीं नाहीं, हें कोणींच विचारलें नाहीं. पानें अधिक उठतात ती खानावळ मोठी, एवढेंच त्यावरून ठरतें.

याहून खालच्या प्रतीचेहि सन्मान असतात. २००९ च्या सुमारास अमेरिकेंतील एका आर्थिक सल्लागारास ‘देशांतील अग्रगण्य आर्थिक नियोजक’ अशी पाटी देऊं करणारें पत्र आलें. त्यानें गंमत म्हणून आपल्या घरच्या कुत्र्याचें नांव पाठविलें आणि पाटीची किंमत भरली. थोड्याच दिवसांत ‘मॅक्स टेलवॅगर’ या नांवाची झगझगीत पाटी घरीं आली! टेलवॅगर म्हणजे शेपूट हालविणारा. ही हकीकत त्यानें पुढें छापून प्रसिद्ध केली. सगळेच सन्मान असे विकत मिळतात असें कोणीं समजूं नये. परंतु निवड करतांना एक पैसाहि न मागणाऱ्या कांहीं संस्था पुढें ढालीचे, बोधचिन्ह वापरण्याचे किंवा समारंभांतील मेजाचे पैसे घेतात, हेंहि ध्यानांत असूं द्यावें.

हा गोंधळ सरकारी नियंत्रकांच्याहि लक्षांत आला आहे. अमेरिकेच्या रोखेबाजार आयोगानें डिसेंबर २०२० मध्यें जाहिरातींचा नवा नियम केला व नोव्हेंबर २०२२ पासून त्याचा अंमल सक्तीचा केला. त्याप्रमाणें सल्लागारानें बाहेरच्या संस्थेनें दिलेला दर्जा मिरवावयाचा असेल, तर तो कोणीं दिला, केव्हां दिला, कोणत्या काळाबद्दल दिला आणि त्यासाठीं पैसे मोजले कीं काय, हें सांगितलें पाहिजे. सप्टेंबर २०२४ मध्यें या नियमाच्या भंगाबद्दल नऊ पेढ्यांवर मिळून १२ लाख ४० हजार डॉलरांचा दंड बसला. आपल्याकडे सेबीनेंहि एप्रिल २०२३ मध्यें गुंतवणूक-सल्लागारांच्या जाहिरातींकरितां संहिता घालून दिली आणि स्वतःस सर्वश्रेष्ठ म्हणवून घेण्यास मनाई केली.

याशिवाय आणखी एक भेद गृहस्थानें जाणला पाहिजे. सेबीनें २०१३ सालीं गुंतवणूक-सल्लागारांकरितां स्वतंत्र नियम केले. नोंदलेला सल्लागार आपली फी ग्राहकाकडून घेतो. म्युच्युअल फंडाच्या वितरकास कमिशन मिळतें तें फंडाच्या कंपनीकडून. २०२० च्या दुरुस्तीनंतर एकाच कुटुंबास फी घेऊन सल्लाहि द्यावयाचा आणि कमिशन घेऊन विक्रीहि करावयाची, असें दुहेरी करण्यास मज्जाव झाला. दोघांचाहि धंदा सचोटीचा असूं शकतो. परंतु समोरचा माणूस यांपैकीं कोण, हें कोणत्याच ढालीवर लिहिलेलें नसतें. आणि त्याचा हिशेब लहान नाहीं. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडांत वितरकाशिवाय थेट पैसे गुंतविण्याची सोय आहे व तिचा खर्च कमी असतो. केवळ उदाहरणादाखल, १० लाख रुपये २० वर्षें दरसाल १० टक्क्यांनीं वाढले तर सुमारें ६७ लाख २७ हजार होतात. खर्चापायीं एक टक्का कमी होऊन ९ टक्क्यांनीं वाढले तर सुमारें ५६ लाख ४ हजार. फरक सव्वाअकरा लाखांचा! चांगल्या सल्ल्यास ही किंमत द्यावीहि, पण ती देत आहों हें माहीत असावें.

आतां ‘नोकरीस उत्तम जागा’ या सन्मानाकडे वळूं. या कल्पनेचा उगम तसा जुना नाहीं. १९८४ सालीं रॉबर्ट लेव्हरिंग व मिल्टन मॉस्कोविट्झ यांनीं अमेरिकेंतील नोकरीस उत्तम अशा शंभर कंपन्यांवर पुस्तक लिहिलें, आणि १९९८ पासून ‘फॉर्च्यून’ मासिकांत तशी यादी दरसाल येऊं लागली. नोकरांस नांव न विचारतां प्रश्न घालावे आणि त्यांचा वरिष्ठांवर विश्वास किती आहे तें पाहावें, ही त्यामागील पद्धति. ग्राहकाच्या दृष्टीनें हा सन्मान आम्हांस कित्येक विक्रीच्या सन्मानांहून अधिक बोलका वाटतो. ज्या कचेरींत माणसें टिकतात, तेथें आपल्या घरची परिस्थिति, आईचें आजारपण, धाकट्याचें कर्ज, हें सर्व ठाऊक असलेला माणूस दहा वर्षांनींहि भेटतो. जेथें दर सहा महिन्यांनीं नवा चेहरा समोर येतो, तेथें आपली कहाणी दरवेळीं पहिल्यापासून सांगावी लागते, आणि प्रत्येक नव्या चेहऱ्याबरोबर एक नवी योजनाहि गळ्यांत पडते.

मात्र कचेरीच्या आंत सन्मान कशाचा होतो, यावर सर्व अवलंबून आहे. अमेरिकेच्या वेल्स फार्गो बँकेची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. दर कुटुंबास बँकेच्या आठ तरी योजना विकाव्या, असें तेथें ध्येय होतें. विक्री करील त्याची वाहवा, न करील त्याची कानउघाडणी. परिणाम असा झाला कीं, नोकरांनीं ग्राहकांस न विचारतां त्यांच्या नांवें खातीं उघडलीं; प्रथम अशीं सुमारें २० लाख खातीं सांपडलीं, आणि २०१७ मध्यें हा अंदाज ३५ लाखांपर्यंत चढला. सप्टेंबर २०१६ मध्यें बँकेस १८ कोटि ५० लाख डॉलर दंड झाला; सुमारें ५,३०० नोकर काढले गेले होते. नवलाची गोष्ट ही कीं, त्याच वर्षाच्या जानेवारींत मॉर्निंगस्टार या नामांकित संस्थेनें बँकेचे प्रमुख जॉन स्टम्फ यांस २०१५ सालचे उत्कृष्ट प्रमुख म्हणून गौरविलें होतें! ऑक्टोबरांत त्यांनीं जागा सोडली. याच्या उलट, लॉस एंजेलिसकडील एका व्यवस्थापकानें हाताखालच्या माणसांच्या लबाडीबद्दल वरिष्ठांस कळविलें, तेव्हां २०१० मध्यें त्याचीच नोकरी गेली. त्यास परत घ्यावें व ५४ लाख डॉलर द्यावे, असा हुकूम कामगार खात्यानें एप्रिल २०१७ मध्यें दिला. बँकेनें तो मान्य केला नाहीं. सन्मान कोणाच्या वांट्यास आला आणि शिक्षा कोणाच्या, हें ताडून पाहण्यासारखें आहे.

आपल्याकडेहि विक्रीच्या बक्षिसांचा मोह नियंत्रकांस ओळखावा लागला. ऑक्टोबर २०१८ मध्यें सेबीनें म्युच्युअल फंडांच्या वितरकांस आरंभींच एकरकमी कमिशन देण्याची चाल बंद केली, आणि तें वस्तुरूपानें किंवा प्रायोजित समारंभांच्या आडूनहि देतां येणार नाहीं असें बजावलें. कारण उघड आहे. परदेशच्या सहलीसाठीं आणखी पांच लाखांची विक्री हवी असेल, तर ते पांच लाख कोणाच्या तरी म्हातारपणच्या शिदोरींतूनच यावयाचे.

मग सन्मान करूंच नये कीं काय? असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. पाठीवर थाप पडली कीं माणसाचा हुरूप दुणावतो, हें घरांतील लहान मुलापासून सर्वांस लागू आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, या धंद्यांत ज्या कामाचा गौरव व्हावा, तें काम बहुधा डोळ्यांत भरणारें नसतें. सत्तर वर्षांच्या आजींस ‘ही योजना आपणांसाठीं नव्हे’ असें सांगून परत पाठविणारा कारकून, बाजार कोसळला असतां घाबरलेल्या गृहस्थास तासभर फोनवर धीर देणारी मुलगी, नवऱ्यामागें कागदपत्रें कळत नसलेल्या बाईंस वारसाचा अर्ज स्वतः भरून देणारा मदतनीस, यांच्या हातून त्या दिवशीं एक रुपयाचीहि विक्री झालेली नसते. ज्या पेढींत अशांची नांवें वर्षाच्या समारंभांत पुकारलीं जातात, ती पेढी आपला पैसा सांभाळील असें मानण्यास जागा आहे.

आणि हा प्रश्न केवळ पेढ्यांचा नाहीं. तो आपल्या घरांचाहि आहे. आपल्यासारख्या कुटुंबांतून एकीकडे वडीलधाऱ्यांचा पैसा या पेढ्यांत जातो, तर दुसरीकडे मुलगे, मुली आणि सुना त्याच पेढ्यांत नोकरीस असतात. महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून मिळालेलें मानचिन्ह घेऊन कोणी घरीं आलें कीं आपण पेढे वांटतों, तें दिवाणखान्यांत मांडतों. वांटावे, मांडावें. त्याबरोबर आजोबांनीं सहज विचारावें, ‘हें कशाबद्दल मिळालें?’ उत्तर देतांना त्या मुलाची मान ताठ राहिली, तर त्याहून मोठा आनंद तो कोणता? आणि उत्तर घुटमळलें, तर रागावूं नये. त्यास जवळ बसवून घ्यावें. पगार वाढला नाहीं तरी चालेल, पण परक्या घरच्या म्हाताऱ्यास आपल्या आजोबांप्रमाणें वागीव, एवढें सांगणारें कोणी तरी घरांत असावें. कचेरींतील दडपणापुढें टिकण्याचें बळ पुष्कळ वेळां घरच्या अशा एका शब्दानेंच येतें.

पेढीची पायरी चढतांनाहि असेच चार साधे प्रश्न बरोबर न्यावे. हा सन्मान कोणीं व कोणत्या वर्षीं दिला? त्यांत मोजलें काय, तुमची विक्री कीं आमचें हित? तुम्हांस पैसे कोणाकडून मिळतात? आमचें काम पाहणारा माणूस येथें किती वर्षें आहे? चांगला सल्लागार या प्रश्नांनीं चिडत नाहीं. उलट अशीं माणसें भेटलीं याचा त्यास संतोषच वाटतो. जो चिडेल, त्याच्या भिंतीवर कितीहि सोनें चमकत असलें, तरी आपली पिशवी काखेंत मारून शांतपणें घरीं परतावें.