सहा ते दहा

मुंबईच्या गोरेगाव-मालाड पट्ट्यातल्या संतोष नगरात, एका गल्लीत संध्याकाळी पावणेसहाला चार-पाच मुलं पायरीवर बसलेली असतात. पाठीला शाळेचंच दप्तर, अंगावर कधी शाळेचाच शर्ट. सहाला काका येतात, जुडग्यातली चावी शोधतात, शटर वर ढकलतात आणि गणेशोत्सव मंडळाची खोली अभ्यासिका होते. रात्री दहापर्यंत.

दिंडोशीत, कुरारमध्ये, आप्पा पाड्यात अशा खोल्या आहेत. कुठे मंडळाची, कुठे बुद्धविहाराला लागून, कुठे आमदार निधीतून बांधलेली. बाहेरच्या माणसाला त्यात बघण्यासारखं काही वाटणार नाही. भिंतीला लागून लांब टेबलं, मधे प्लायवूडचे आडोसे, प्रत्येक आडोशाला एक दिवा आणि एक प्लग. वर पंखे. भिंतीवर शिवाजी महाराज, सावित्रीबाई, बाबासाहेब. दारात चपलांचा ढीग. पण मुंबईच्या वस्तीतल्या पोरांसाठी शाळा सुटल्यानंतरची जी काही व्यवस्था आहे, तिचा कणा ही खोली आहे. तिच्याकडे आपण फार कमी लक्ष दिलं, असं मला मनापासून वाटतं.

टेबलाच्या टोकाला हजेरीची वही असते. नाव, इयत्ता, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. ही वही मी सवडीने चाळली. मुलांच्या नावापुढे सहा, सहा पाच, सव्वासहा. मुलींच्या नावापुढे सात वीस, साडेसात, कधी पावणेआठ. मला आधी वाटलं, मुलींची शाळा उशिरा सुटत असेल. काका म्हणाले, "पाणी साडेसहाला येतं ना. हंडे भरून मग येतात." वहीच्या त्या रकान्यात गल्लीच्या नळाचं वेळापत्रक लिहिलेलं होतं.

पाणी झालं की घरातलं दुसरं काम असतं. मालाड हे इमिटेशन ज्वेलरीच्या धंद्याचं मोठं ठिकाण. त्यातलं मणी ओवायचं, खडे चिकटवायचं काम नगावर घरोघर येतं आणि संध्याकाळी शाळेतून आलेले हात त्याला लागतात. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही, स्वयंपाक, धाकटं भावंड आणि मण्यांचा ट्रे. त्या खोलीत दहावीची भूमिती कुठे मांडायची? मुलांना अभ्यासाची गोडी नाही असं सहज बोललं जातं. वहीत सात वीसला सही करून नऊपर्यंत मान वर न करणारी मुलगी मी पाहिली आहे. तिच्यात गोडी भरपूर आहे. नाहीये तो घरातला कोपरा, आणि तिच्या वाट्याचा वेळ.

या शहरात ही गोष्ट नवी नाही. परळच्या चाळीत राहून भीमराव आंबेडकर शिकत होते, तेव्हा रामजी सुभेदार त्यांना लवकर झोपवायचे आणि रात्री दोनला उठवायचे, कारण घर शांत असायचं ते तेव्हाच. शाळा सुटली की भीमराव चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचे. तिथे कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्यांना हेरलं, पुस्तकं द्यायला सुरुवात केली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हाच्या सत्कारात केळुसकरांनी आपण लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांच्या हाती दिलं आणि पुढे बडोद्याच्या सयाजीरावांकडे शब्दही टाकला. एक जागा, रोजची ठरलेली वेळ आणि विचारपूस करणारं एक मोठं माणूस. अभ्यासिका चालते ती याच तीन गोष्टींवर.

त्याच चर्नी रोडला आज सरकारचं जवाहर बालभवन आहे. चांगली संस्था. पण आप्पा पाड्यातल्या नववीतल्या मुलीने तिथे जायचं म्हणजे आधी शेअर रिक्षा, मग मालाडहून चर्चगेट लोकल, आणि परत येताना संध्याकाळची गर्दी. भाडं एक वेळ निघेल. अंधार पडल्यावर आई पाठवणार नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये मेट्रो सुरू झाली, कुरार आणि दिंडोशी अशी दोन्ही स्टेशनं हायवेवर आली, तरी टेकडीवरच्या घरापासून स्टेशनपर्यंतची चढउतार तशीच आहे. पोराला कार्यक्रमापर्यंत न्यायचं की कार्यक्रम पोराच्या गल्लीत आणायचा, याचं उत्तर मला तरी स्पष्ट दिसतं. चालत पाच मिनिटं. त्याहून लांब असलेलं सगळं मुलींसाठी बंदच समजावं.

गल्लीत येऊन संध्याकाळ मागणारी संस्था महाराष्ट्राने पूर्वी उभी केलेली आहे. ४ जून १९४१ ला राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. शाखा म्हणजे रोज संध्याकाळी मैदानावर तास-दीड तास: खेळ, कवायत, गाणी, चर्चा. मुलगे-मुली एकत्र. फी नाही. गोरेगावला हे मुद्दाम सांगायला हवं, कारण वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलेल्या मृणालताई गोरे आणि त्यांचे पती केशव ऊर्फ बंडू गोरे हे दोघेही याच सेवा दलाच्या मुशीतले. बंडू गोरे १९५८ साली गेले. त्यांच्या नावाचा स्मारक ट्रस्ट गोरेगाव पश्चिमेला आजही उभा आहे. पुढे मृणालताई 'पाणीवाली बाई' झाल्या आणि बाबुराव सामंतांसारख्या सहकाऱ्यांसह त्यांनी याच दिंडोशीत नागरी निवारा उभा केला, अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सहा हजारांहून अधिक घरं. नळ आणि घर, दोन्हींसाठी ज्या बाईने रस्त्यावर भांडण केलं, तिच्या एकेकाळच्या मतदारसंघात हजेरीच्या वहीतला तो सात वीसचा आकडा बघताना मला फार लागलं.

आता अभ्यासिकेच्या उण्या बाजूकडे येतो. पहिली गोष्ट, जागा कोणाला मिळते. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे वीस-पंचविशीतले दादा-ताई तासन्‌तास बसतात, त्यांना ती गरजही आहे. पण नववीचं पोर आलं की "आवाज करतात" म्हणून ते आधी बाहेर निघतं. चौदाव्या वर्षाला शिक्षण हक्काचा कायदाही हात सोडतो, आठवीनंतर त्यात फुकट शाळेची हमी नाही. नेमक्या त्याच वयात खोलीतूनही उठवलं जातं. माझ्या पाहण्यातल्या या खोलीने सहा ते साडेनऊ ही वेळ शाळकरी मुलांसाठी राखून ठेवली आणि पाच आडोसे खास मुलींसाठी, त्या कितीही उशिरा आल्या तरी. इतक्या साध्या नियमाने वहीतली मुलींची नावं वाढली.

दुसरी गोष्ट गणपतीची. मूर्ती आली की टेबलं बाहेर जातात, आणि सहामाही तोंडावर असते. तिसरी, खोल्याच कमी. १३ मार्च २०२३ ला आप्पा पाड्याच्या वस्तीला आग लागली, शेकडो झोपड्या गेल्या, दहावीची परीक्षा चालू होती. अशा वेळी मुलांनी बसायचं कुठे?

आणि तरीही भोवती शाळांच्या चार-चार मजली इमारती संध्याकाळनंतर अंधारात उभ्या असतात. शाहीन मिस्त्रींनी कुलाब्याच्या वस्तीतल्या मुलांसाठी 'आकांक्षा' या आपल्या संस्थेचं पहिलं केंद्र सुरू केलं ते शाळेच्या अशाच रिकाम्या वर्गात. त्याआधी अनेक शाळांनी नकार दिला होता. नवीन बांधकाम लागत नाही, कुलूप उघडणारा माणूस लागतो. त्याचं मानधन, विजेचं बिल, एक रखवालदार. महापालिकेने प्रत्येक वस्तीजवळच्या एका शाळेचे दोन वर्ग रोज रात्री दहापर्यंत उघडे ठेवावेत आणि चावी गल्लीतल्या जबाबदार माणसाकडे द्यावी, ही माझी सरळ मागणी आहे.

काकांना मानधन नाही. गिरणीत नोकरी होती, आता मुलगा कमावतो. गणित त्यांना येत नाही. पण कोण दोन दिवस आलं नाही ते त्यांना ठाऊक असतं आणि तिसऱ्या दिवशी ते त्या घरी जाऊन येतात.

परवा साडेनऊला मुली निघाल्या. एकट्याने कोणी जात नाही. चौघी एकत्र, वरच्या घरची शेवटी. सात वीसवाली वहीत वेळ लिहायला थांबली.

"काका, उद्या पाणी रात्री आहे म्हणे. मी सहालाच येते."

"ये बाळा. पावणेसहाला उघडतो."