संगणकावर नकाशे काढणाऱ्यांनो, हात सांभाळा!

गवंडी नवी थापी घेताना ती आधी मुठीत धरून पाहतो. सुतार रंधा हातात घेऊन तोलतो. शिंप्याला दुसऱ्याची कात्री रुचत नाही. हत्यार हाताला बसले नाही तर काम बिघडते आणि हातही बिघडतो, हे शहाणपण कष्टकरी घरांना कोणी शिकवावे लागत नाही. पण त्याच घरातली मुलगी किंवा मुलगा आय.टी.आय.मधून ड्राफ्ट्समनचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून संगणकावर नकाशे काढू लागला, की त्याच्या हातातल्या हत्याराकडे कोणी पाहत नाही. ते हत्यार म्हणजे माऊस.

उलट मनगट दुखते म्हटले की घरातली वडीलधारी माणसे म्हणतात, "दिवसभर खुर्चीवर तर बसतोस, तुला काय दुखतंय?" ज्यांनी पाठीवर पोती वाहिली त्यांना असे वाटणे साहजिक आहे. मग मूलही गप्प बसते. नवी नोकरी, साहेबाला काय सांगायचे, म्हणून दुखणे अंगावर काढते. म्हणून हा विषय पालकांनीही समजून घेतला पाहिजे.

दुखते का?

टेबलावर टी-स्क्वेअर आणि पेन्सिल घेऊन नकाशा काढताना खांद्यापासून सारा हात फिरत असे. कॅडवर, म्हणजे संगणकाच्या साह्याने आराखडा काढताना, तेच काम मनगट आणि दोन बोटे करतात. साधा चपटा माऊस धरायला तळवा पूर्ण खाली वळवावा लागतो. त्यामुळे कोपरापुढची दोन हाडे एकमेकांवर तिरकी येतात. मनगटही मागे वाकलेले राहते.

मनगटात तळव्याच्या बाजूला एक अरुंद वाट आहे. तिच्यातून बोटे वाकवणाऱ्या ९ दोऱ्या आणि एक मज्जातंतू जातो. मनगट वाकवून धरले की या वाटेतला दाब वाढतो.

कॅडसाठी माऊस वेगळा का?

पत्र टाइप करणाऱ्याचे दोन बटणांवर भागते. कॅडवाल्याचे खरे काम मधल्या चाकावर असते. ऑटोकॅडमध्ये चाक फिरवले की नकाशा लहान-मोठा होतो, चाक दाबून धरले की सरकतो आणि दोनदा दाबले की पूर्ण नकाशा समोर येतो. सॉलिडवर्क्समध्ये चाक दाबून माऊस हलवला की यंत्राचा भाग फिरवून पाहता येतो. दिवसाकाठी शेकडो वेळा चाक दाबले जाते. ते कडक असेल तर मधले बोट आधी तक्रार करते.

म्हणून दुकानात पहिली परीक्षा चाकाची घ्यावी. ते हलक्या दाबाने दाबले गेले पाहिजे आणि दाबताना फिरता कामा नये. बाजूला जादा बटण असेल तर अनेक माऊसमध्ये मधल्या बटणाचे काम त्याला नेमून देता येते. थ्रीडीकनेक्शन कंपनीच्या कॅडमाऊसला तर चाकाखेरीज मधले वेगळे बटणच दिलेले आहे.

आकार कोणता घ्यावा?

मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत पट्टीने हात मोजावा. लहान हातात मोठा माऊस असेल तर बोटे ताणली जातात. मोठ्या हातात लहान असेल तर बोटे आखडून चिमटीत धरावा लागतो. मुलींना हा त्रास जास्त होतो, कारण कार्यालयात सर्वांना एकच माप मिळते.

उभा माऊस हस्तांदोलन करताना हात असतो तसा धरता येतो. त्यामुळे हाडांचा पीळ कमी होतो. लॉजिटेकने २०१८ साली काढलेल्या अशा माऊसचा कल ५७ अंशांचा आहे. २०२२ साली त्याच कंपनीने लहान व मध्यम हातांसाठी वेगळा उभा माऊस आणला. तो डावखुऱ्यांसाठीही मिळतो.

ट्रॅकबॉलमध्ये माऊस जागीच राहतो आणि वरचा गोळा फिरवायचा असतो. टेबल अरुंद असेल तर तो सोयीचा. मात्र अंगठ्याने फिरवायचा गोळा सारा भार अंगठ्यावर टाकतो, हे ध्यानात ठेवावे.

नवा प्रकार हाताला बसायला काही दिवस लागतात. रेषेचे टोक पकडताना सुरुवातीला चुका होतात. म्हणून नकाशा द्यायच्या दिवशी माऊस बदलू नये. शक्यतो मित्राचा मागून वापरून पाहावा, किंवा परत घेण्याची हमी असेल तिथूनच घ्यावा.

फुकटचे उपाय

महाग माऊस घेतला म्हणजे दुखणे गेले, असे नाही. आधी बैठक नीट करावी. कोपर अंगाजवळ, साधारण काटकोनात असावे. खुर्ची बुटकी असेल तर घडी घातलेली चादर घ्यावी. पाय लोंबकळत असतील तर खाली पाट ठेवावा. माऊस कीबोर्डला लागून असावा आणि मनगट टेबलाच्या धारेवर टेकवू नये.

डाव्या हातालाही कामाला लावावे. ऑटोकॅडमध्ये रेषेसाठी एल, वर्तुळासाठी सी, छाटण्यासाठी टी आर ही अक्षरे टाइप करून स्पेसबार दाबला की झाले. उजव्या हाताच्या तेवढ्या खेपा वाचतात. अर्ध्या-पाऊण तासाने उठून हात मोकळे करावेत.

हे दिसले तर थांबू नका

अंगठा, पहिले बोट, मधले बोट यांना मुंग्या येणे, रात्री हात बधिर होऊन जाग येणे, हातातून पेला निसटणे, ही लक्षणे बाम चोळून झाकू नयेत. मधुमेह, थायरॉईडचे विकार किंवा गरोदरपणातही असा त्रास होतो. म्हणून कारण डॉक्टरांनीच शोधायचे असते. लवकर गेल्यास मनगटाला पट्टा बांधून आणि कामाची पद्धत बदलूनही पुष्कळांना आराम पडतो. फार उशीर झाला तर अंगठ्याचा जोर कायमचा कमी होऊ शकतो.

पालकहो, मूल पहिला पगार घेऊन येईल तेव्हा कौतुक जरूर करा. पण एकदा त्याचा उजवा हात हातात घेऊन "दुखतो का रे?" असेही विचारा. तो हातही कष्टकऱ्याचाच आहे.