मामांच्या व्हर्नियरची पेटी

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण सगळ्यांनीच एक टी-लॅप जॉइंट केलेला असतो. सबमिशन झालं की पुन्हा त्याचं तोंड कुणी बघत नाही. (माझा सध्या हॉस्टेलच्या खोलीचं दार अडवायला वापरतात.) त्यामुळे ‘आम्ही चौघांनी सागवानी पेटी केली, आतून मखमल लावून’ असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसा! पण ही पेटी आम्हाला दोनदा करावी लागली. का, ते वाचलंत तर तुम्हाला कदाचित एकदाच करावी लागेल.

आधी एक कबुली. मी कॉन्व्हेंटची. रंधा, पटाशी, गुण्या हे शब्द मी मराठीच्या पुस्तकात नाही, वर्कशॉपमध्ये शिकले आणि ते शिकवले मामांनी. आमचे सुतारकामाचे मामा गेल्या वर्षी ३१ जुलैला रिटायर झाले. त्यांच्याकडे स्वतःच्या पगारातून घेतलेला एक व्हर्नियर आहे, पूर्वी फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न करायचे तेव्हाचा. इतकी वर्षं तो एका तेलकट फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये असायचा. घड्याळ, शाल, श्रीफळ सगळेच देतात. आपण त्या व्हर्नियरला घर देऊ, असं ठरलं. ‘प्रोजेक्टसाठी पाहिजे’ अशी थाप मारून एका दुपारी तो मागून आणला, बटर पेपरवर ठेवून बारीक पेन्सिलीने कडेनं आकार काढला आणि परत दिला.

पहिली पेटी का फसली

पहिली पेटी मे महिन्यात केली. चार बाजू, खाली तळ आणि वर १२० मिलिमीटर रुंद सागवानी फळीचं झाकण, चारही भिंतींच्या आत बरोब्बर बसणारं. फट जेमतेम अर्धा मिलिमीटर. काय फिट बसलं होतं! आम्ही एकमेकांना टाळ्या दिल्या. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात पेटी काढली तर झाकण उघडेचना. पटाशी घालून उचकटलं, तर कडेचा टवका निघाला.

चूक सुतारकामाची नव्हती, गणिताची होती. लाकूड मेलं तरी पाणी पिणं सोडत नाही. हवा दमट झाली की ते फुगतं, कोरडी झाली की आकसतं. पण सगळीकडे सारखं नाही. रेषांच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, फरक नगण्य. रुंदीत मात्र भरपूर, आणि त्यातही फळी खोडातून कशी कापली आहे त्यावर तो जवळजवळ दुप्पट होऊ शकतो. साध्या कापाच्या सागवानाला लाकडातल्या ओलाव्याच्या दर एक टक्क्याला रुंदीच्या ०.००१८६ पट फरक पडतो. मे महिन्यात ओलावा ८ टक्के आणि जुलैत १४ टक्के धरा:

१२० × ०.००१८६ × ६ = १.३ मिलिमीटर

आमची फट अर्धा मिलिमीटर. संपलं! आणि सागवान तर कमी हलणाऱ्या लाकडांत मोडतं. दुसरं एखादं असतं तर भिंतीच फाकल्या असत्या. थर्मल एक्स्पान्शनसाठी गॅप सोडायची हे आपण परीक्षेत लिहितो, पण लाकूड समोर आलं की विसरतो.

दुसरी पेटी, हातात दहा दिवस

या वेळी झाकण वेगळं केलंच नाही. आधी सगळ्या बाजूंनी बंद असा ठोकळा करायचा आणि मग करवतीनं आडवा कापून वरचा भाग म्हणजे झाकण. यात झाकण आणि पेटी एकाच लाकडातून निघतात, त्यामुळे रेषा जुळतात आणि दोन्हींचं माप वेगळं येऊच शकत नाही. फक्त करवत दोनेक मिलिमीटर खाते, तेवढी उंची आधीच जास्त धरायची.

भिंती १० मिलिमीटर जाडीच्या, कोपरे ४५ अंशांत. हे दिसतं सोपं. पण चार कोपरे म्हणजे आठ काप. प्रत्येक कापात अर्ध्या अंशाची चूक झाली तर शेवटच्या कोपऱ्यात एकदम चार अंशांची फट! म्हणून आधी भंगार लाकडावर आठ काप करून गुण्या लावून बघा. समोरासमोरच्या भिंती एकाच लांबीच्या हव्यात, तेही विसरू नका. अशा कोपऱ्यात लाकडाची तोंडं एकमेकांना चिकटतात आणि तोंडाला फेव्हिकॉल नीट धरत नाही, ते शोषून घेतं. म्हणून सुकल्यावर कोपऱ्यांना बाहेरून खाचा पाडून त्यात लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवल्या. त्यानं मजबुती येते, आणि दिसतंही छान.

तळ प्लायचा. प्लायचे थर एकमेकांना आडवे असतात, त्यामुळे तो फारसा हलत नाही, बिनधास्त चिकटवा. वरची सागवानी फळी मात्र भिंतींतल्या ५ मिलिमीटर खोल खाचेत मोकळी ठेवली, दोन्ही टोकांना फक्त मध्यावर एकेक थेंब फेव्हिकॉल. तिला फुगायला-आकसायला जागा मिळाली. आपण पावसाळ्यात करतोय म्हणजे ती उन्हाळ्यात आकसणार, त्यामुळे तिच्या कडांना बसवण्यापूर्वीच पॉलिश मारलं. नाहीतर मे महिन्यात कडेनं पांढरी पट्टी दिसली असती.

बिजागऱ्या पितळी. पितळी स्क्रू मऊ असतात, थेट पिळले की डोकं तुटून हातात येतं. आधी भोक पाडायचं, त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्यायचे, मग तो काढून पितळी बसवायचा. स्क्रूला थोडं मेण किंवा साबण लावला की झालं.

आतलं घर

अस्तराच्या दोन पद्धती आहेत. जुन्या बंदुकांच्या पेट्यांवरून त्यांना इंग्लिश आणि फ्रेंच म्हणतात. इंग्लिश म्हणजे सरळ पट्ट्या लावून केलेले कप्पे. फ्रेंच म्हणजे वस्तूच्या आकाराचाच खळगा. व्हर्नियरला आम्ही फ्रेंच निवडली.

१२ मिलिमीटर प्लायवर बटर पेपरचा आकार चिकटवून बारीक करवतीनं कापला. रेषेवर नाही हं, रेषेच्या दीड-दोन मिलिमीटर बाहेर, कारण मखमलीलाही जाडी असते! वस्तू साधारण निम्मी आत, निम्मी वर राहिली पाहिजे. आणि दोन्ही बाजूंना बोट जाईल एवढी अर्धगोल खाच हवीच, नाहीतर वस्तू काढायला पेटी उलटी करावी लागेल.

मखमलीचे तीन नियम:

१. लव एकाच दिशेला. एक तुकडा उलटा लागला तर तो वेगळ्याच रंगाचा दिसतो.

२. गम लाकडाला लावा, कापडाला नाही. पातळ लावा आणि किंचित चिकट होईपर्यंत थांबा. आमच्या पहिल्या पेटीत गम वर आला आणि मखमलीवर टणक डाग पडले, ते शेवटपर्यंत गेले नाहीत.

३. भिंतींना थेट कापड चिकटवू नका. पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर मखमल गुंडाळा, कडा मागे दुमडा आणि पट्ट्या दाबून बसवा. कोपरे आपोआप स्वच्छ येतात.

पॉलिश चपडा लाखेचं, स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं हलके हात. मग पेटी लगेच बंद करायची नाही! लाकूड आणि गम दोन्हींतून थोडी थोडी आम्लाची वाफ निघते, आणि बंद पेटीत ती धातूवर बसते. ओक लाकूड यासाठी बदनाम आहे. लोकरीच्या फेल्टमध्ये गंधक असतं, त्यानं चांदी काळी पडते. म्युझियमवाले याला इतकं घाबरतात की ब्रिटिश म्युझियमच्या अँड्र्यू ऑडी यांनी १९७३ मध्ये यासाठी टेस्टच काढली. वापरायचं साहित्य आणि चांदी, तांबं, शिसं यांचे तुकडे ओलसर हवेच्या बंद नळीत ६० अंशांवर २८ दिवस ठेवतात आणि धातू खराब होतो का ते बघतात. आमच्याकडे २८ दिवस कुठले! अस्तर सुती मखमलीचं घेतलं आणि उरलेले चार दिवस पेटी माझ्या टेबलावर पंख्याखाली उघडी ठेवली. रूममेटने स्पिरिटचा वास निमूट सहन केला, तिचे जाहीर आभार.

३१ जुलै

भाषणं झाली, शाल झाली. मग पेटी दिली. मामांनी आत बघितलंच नाही. आधी पेटी उलटी केली, मग चारही कोपऱ्यांवरून अंगठा फिरवला. तिसऱ्या कोपऱ्यावर थांबले.

“इथं भुसा भरलाय ना पोरी?”

मी म्हटलं, “हो मामा.”

“दिसत नाही. पण हाताला लागतं.”

मग उघडली. खळगा बघून काही वेळ काहीच बोलले नाहीत. खिशातून फडकं काढलं, व्हर्नियर पुसून आत ठेवला. जबडे घट्ट मिटले नाहीत, किंचित उघडे ठेवले, लॉकचा स्क्रूही सैल केला. (व्हर्नियर असाच ठेवायचा असतो, आपण प्रॅक्टिकलनंतर आवळून ठेवतो.) आणि फडकं घडी करून मला दिलं. “आता तुमच्याकडं ठेवा.”

ते फडकं मी आमच्या पहिल्या पेटीत ठेवलंय. ती पेटी अजून माझ्या खोलीत आहे. टवका उडालेली, डाग पडलेली. डिसेंबर ते मे अगदी झकास उघडते!