मक्याचा दाणा मोठा की लहान?

भाजायला कणीस घेताना आपण ते थोडे सोलतो आणि नखाने दाणा दाबून बघतो. पण तेच कणीस बियाण्यासाठी वाळवले तर? बुडाशी टपोरे गोल दाणे, मध्ये चपटे आणि शेंड्याला बारीक. घरातली अनुभवी माणसेही मोठाच दाणा उचलतील. मात्र पाऊस दगा देतो तेव्हा मोठ्या दाण्याचा भरवसा धरता येईलच असे नाही.

मका हे कर्नाटकातले मोठे पीक, आणि बरेचसे पावसाच्या भरवशावरचे. २०२३ साली राज्यातल्या २३६ पैकी २२३ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. हलक्या सरीवर पेरायचे, मग पावसाने दडी मारायची आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा बियाण्याचे पैसे मोजायचे, हे दुखणे आपल्या मराठवाड्यालाही नवे नाही.

बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठात कोरडवाहू पिकांवर वर्षानुवर्षे काम चालू आहे. अशा अभ्यासात दुष्काळ काचेच्या बशीतही आणता येतो. पॉलिइथिलिन ग्लायकॉल नावाचा पदार्थ पाण्यात विरघळवला की तो पाणी धरून ठेवतो. बी ओले दिसते, पण तहानलेलेच राहते.

मक्याच्या दाण्याला रुजण्यासाठी आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी लागते. म्हणजे लहान दाण्याची गरज कमी, तो थोड्या ओलीतही लवकर फुगतो. मोठ्या दाण्याजवळ शिदोरी अधिक. बी खोल पडले किंवा वर मातीची पापडी धरली, तर ती शिदोरी कोंबाला वर ढकलते. मोड आल्यावर ओल तुटली, तर रोप आधी पाने आखडते; मूळ मात्र खाली वाढवत राहते. शहाणेच म्हणायचे! आणि एकाच संकरित कणसातल्या लहानमोठ्या दाण्यांचे आईबाप एकच. म्हणून निरोगी लहान दाण्याला कमअस्सल समजू नका. किलोत ते जास्त बसतात, हा फायदा वेगळाच.

१९९०च्या दशकात राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेशातल्या शेतकऱ्यांनी बी रात्रभर भिजवून, वरवर सुकवून पेरून पाहिले. उगवण लवकर झाली. जमिनीत ओल असेल तरच हे करावे. औषध लावलेले रंगीत बियाणे मात्र भिजवू नये आणि कोंबड्यांनाही घालू नये.

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्याने मोड मोजा.