भाव चढला म्हणून

भाव चढला की माणसाला हिंमत येते. पुढेही असेच दिवस राहतील, असे वाटते. मग तो विहीर काढतो, बैल घेतो, मुलीचे लग्न थाटात करतो. पैसा हातात नसला तरी कर्ज काढून करतो. पैसा येणारच, अशी त्याला आशा असते.

आशा वाईट नव्हे. आशा नसती तर कुणी पेरलेच नसते. पण आशेवर कर्ज काढताना सावध असावे. आपल्याच मुलखात काय घडले ते पाहा.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. विलायतेतील गिरण्यांचा बहुतेक कापूस तिथून येई. लढणाऱ्या एका पक्षाने दुसऱ्याची बंदरे अडवली. कापूस अडला. मग गिरणीवाले हिंदुस्थानच्या कापसाकडे वळले. भाव कडाडले. शेतकऱ्याला वाटले, सोन्याचे दिवस आले. सावकारालाही तेच वाटले. मागणारा मागत गेला, देणारा देत गेला.

१८६५ साली युद्ध संपले. अमेरिकेचा कापूस पुन्हा विलायतेला जाऊ लागला. इथले भाव कोसळले. भाव उतरला, पण कर्ज काही उतरले नाही. ते व्याजाने फुगले. त्यातच सरकारने शेतसारा वाढवला. सावकार कोर्टात गेले. जमिनी हातच्या जाऊ लागल्या. अखेर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी लोक उठले. त्यांनी सावकारांची दुकाने लुटली, खतपत्रे जाळली. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. पुढे १८७९ साली सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कर्जाचा कायदा करावा लागला.

यातून काय समजायचे? भाव हा पाहुणा आहे. कर्ज मात्र घरात ठाण मांडून बसते.

शिवाय जी आशा आपल्याला, तीच शेजाऱ्याला. यंदा कांदा तेजीत गेला, की पुढल्या साली जो तो कांदाच लावतो. बाजारात ढीग पडतात आणि भाव बसतो.

म्हणून मोठा खर्च काढण्याआधी घरात बसून तीन गोष्टी विचारा. भाव कशामुळे चढला? ते कारण किती दिवस टिकेल? भाव निम्म्यावर आला, तरी कर्ज फिटेल का?

हा हिशेब कागदावर मांडा. त्या काळी पुष्कळांना खत वाचता येत नव्हते. ते नांगराची निशाणी करून मोकळे झाले. आपल्याला आता वाचता येते. आधी वाचा, मगच सही करा.